ओळ नंबर अठरा हजार दोनशे सात

पाणी सोडायला चाळीस मिनिटं उरली होती आणि टेकडीचा व्हॉल्व्ह काही केल्या उघडायला तयार नव्हता.

"आत्या, बघा हो तेवढं!" साहेब केबिनमधून ओरडले. "सकाळपासून टेकडीवर थेंब नाही. फोन करकरून डोकं खाल्लंय लोकांनी. चारला पाणी गेलं नाही तर इथंच येऊन बसतील बादल्या घेऊन."

साहेबांचे केस आत्यापेक्षा पांढरे. पण पाणी खात्यात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. गावातले सगळे व्हॉल्व्ह ज्या प्रोग्रामच्या तालावर उघडत-मिटत, तो तिनंच बावीस वर्षांपूर्वी लिहिलेला. एकच फाईल, मारुतीच्या शेपटासारखी लांब. माऊसला ती शिवत नसे. ओळीचा नंबर टाकायचा, कळ दाबायची, की त्या ओळीवर हजर. बघणाऱ्याला घेरी यायची. कीबोर्डवरची अक्षरं कधीच झिजून गेली होती, आणि एकदा म्हणे तिनं फाईलीच्या तळातून माथ्यावर अशी उडी मारली, की शेजारच्या टेबलावरचे कागद भुर्रकन उडाले.

"काल पाइप दुरुस्त करताना टेकडीची वेळ शून्य करून ठेवली होती, ती तशीच राहिली," आत्या दमलेल्या आवाजात म्हणाली. "अठरा हजार दोनशे सात."

बोटं चालली. जुनी ओळ पुसली, नवी लिहिली, चाळीस मिनिटं. आता सेव्ह करणार, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीनं तिचं मनगटच धरलं. तिला येऊन सहा महिने झाले होते, तरी सगळ्यांसाठी ती 'नवी'च.

"आत्या, थांबा! अहो, दवाखान्याची ओळ पुसलीत तुम्ही!"

"काहीतरीच काय! दोनशे सात म्हणजे टेकडी."

"होती. मी आज सकाळी फाईलीत जागोजागी टिपा घातल्या ना, कुठला भाग काय करतो त्याच्या. सगळ्या ओळी खाली सरकल्या. मेल केली होती की तुम्हाला."

आत्यानं एक कळ दाबली. पुसलेली ओळ परत आली.

"मेल पाहिली मी," ती म्हणाली, आणि टेकडीचं नाव टाकून शोध लावला. नाव एकोणीस ठिकाणी होतं. कळ दाबली की पुढची जागा, पुन्हा दाबली की त्याच्या पुढची. ती दाबत सुटली. समोर नुसतं करडं धुकं इकडून तिकडे हलत होतं. अक्षरं मोठी करता आली असती, पण मग साऱ्या खोलीला कळलं असतं. डोळ्यांनी दगा दिलेल्या नकाशेवाल्याला साहेबांनी आवक-जावकच्या टेबलावर बसवलं होतं. तो दिवसभर शिक्के मारायचा आणि कुणाशी बोलायचा नाही.

"आत्या, गेली की ती आत्ता." नवी पुढे वाकली. "अहो, परत गेली. समोरून गेली तुमच्या!"

आत्याचं बोट थांबलं.

"मेलमध्ये काय लिहिलं होतं मी?" नवीनं हळूच विचारलं.

केबिनमधला फोन वाजत राहिला.

नवीनं खुर्ची ओढली आणि गप्पा मारल्यासारखं, स्क्रीनवर काय आहे ते खालच्या आवाजात सांगायला लागली. "हे टेकडीचं पत्त्याचं... हे दाबाचं... पुढे. हे बंद करायचं... पुढे. हे उघडण्याची वेळ, शून्य."

"तिथंच?"

"तिथंच."

शून्य गेलं, चाळीस आलं. नवीनं ते दोनदा वाचून दाखवलं. मगच आत्यानं सेव्ह केलं.

चार वाजून दोन मिनिटांनी साहेब बाहेर आले, घाम पुसत. "गेलं पाणी! आत्या, तुमच्यासारखी नजर नाही हो कुणाची." आणि आले तसे परत गेले.

दोघीही मान खाली घालून बसल्या.

"किती दिवस झाले?" नवीनं विचारलं.

"दीड वर्ष."

"दीड वर्ष? मग काम कसं करत होतात?"

"दिवे गेले म्हणून स्वतःच्या घरात कुणी मोरी विसरतं का गं? सगळी पाठ आहे. होती."

नवीनं कीबोर्ड आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "मी टिपा काढून टाकते. सगळं जिथल्या तिथं येईल. कुणाला काही कळायचं नाही."

"हात तर लावून बघ!" आत्या एकदम उसळली, मग आपलाच आवाज ऐकून खाली आली. "बावीस वर्षांत त्या फाईलीत माणसाला कळेल असं पहिल्यांदा कुणीतरी लिहिलंय. आत्ता ऐकलं ना मी. उद्या मी नसले तर टेकडीला पाणी कोण देणार? ते नंबर माझ्या डोक्यात असून काय उपयोग?"

"मग तुमचं कसं?"

आत्या पाठ टेकून बसली. बावीस वर्षांचा शीण एकाच दुपारी येऊन बसल्यासारखे तिचे खांदे खाली उतरले होते.

"आता एकूण ओळी किती झाल्या?"

नवीनं बघितलं. "एकतीस हजार चारशे बारा."

"बाई गं." आत्यानं चष्मा काढला, घडी घालून डबीत ठेवला आणि डबी ड्रॉवरच्या पार मागे सारली. "हं. पहिलीपासून वाच. सावकाश."