टेबल हललं

हेडफोनमध्ये धप्प झालं आणि विश्रामनं सवयीनं तेवढा तुकडा कापला.

परदेशी कंपनीचे प्रोग्रामर लोकांसाठीचे मराठी व्हिडिओ तो कोल्हापुरात बनवायचा. आवाज केतकीचा. इचलकरंजीच्या घरी, आवाज घुमू नये म्हणून खोलीत गोधड्या टांगून ती रेकॉर्ड करायची. वर्षभर तिच्या फाइलींत असे धपके होते. “टेबल हललं,” ती सांगायची. विश्रामला कळत होतं, पण डेडलाइन डोक्यावर असायची. तो कापायचा.

आज मात्र तिचा नवरा स्पष्ट ऐकू आला. “रोज कुणाशी गुलुगुलू बोलतीस गं? जीवच घेतो तुझा!” पाठोपाठ सणसणीत कानशिलात. मग लोखंडी माइकस्टँड फरशीवर घासला. एक तडाखा. दुसरा. नवरा गुरासारखा ओरडला, “हात मोडलास की माझा!”

“परत अंगाला हात लावलास तर दुसराही मोडीन.” त्याची धडपडती पावलं, आपटलेलं दार. केतकीनं घसा खाकरला आणि ती नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, “आता आपण सर्व्हर पुन्हा सुरू करू.”

विश्रामनं नवऱ्याची धमकी आणि थप्पड पुरावा म्हणून वेगळी जपून ठेवली. पुढचं, दार आपटेपर्यंतचं सगळं पुसलं आणि तिला फोन लावला. “टेबल हललं होतं का?”

“हो,” ती म्हणाली. “शेवटचं.”