जिल्ह्यातला शेवटचा नर

मत्स्यकेंद्राची गाडी रोहूचा नर घेऊन आली, तेव्हा सुलोचना नागपुरे सकाळपासून तळ्यावर थांबली होती. जिल्ह्यात बीजासाठी हा एकच नर उरला होता; आज तिच्याकडे, उद्या पुढच्या गावी. तिच्या तळ्यात तीन वर्षं नुसत्या माद्याच निपजत होत्या. तळाला अंथरलेलं प्लॅस्टिक तिने कधीच काढून टाकलं होतं, पण त्यातून पाझरलेलं, नर होऊ न देणारं रसायन गाळातून जात नव्हतं.

"जपून दाबा ताई, थकलाय तो," केंद्राचे बोरकर म्हणाले.

तिने मादीची अंडी परातीत काढली आणि नराचं पोट हलकेच दाबलं. वीर्य दुधासारखं यायला हवं होतं, ते पाण्यासारखं आलं.

"हे चालेल का हो, साहेब?"

बोरकरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं.

"या नरातही आता बीज उरलं नाही."

तरी तिने कोंबडीच्या पिसाने सगळं कालवलं आणि परात सावलीत ठेवली. दुपारपर्यंत एकूण एक अंडं पांढरं पडून वाया गेलं.

तेवढ्यात पुढच्या गावच्या यमुनाबाईचा फोन आला. "नर निघाला का गं? माझ्या माद्या अंड्यांनी भरल्यात."

सुलोचनाने बोरकरांकडे पाहिलं. ते नराला घेऊन गाडीकडे वळले होते.

"निघतोच आहे," ती म्हणाली.