कुणाचीच नसलेली विहीर

मामांचा उजवा बूट निघत नव्हता, आणि त्यापायी तेलाची एक अख्खी विहीर अधांतरी लटकली होती.

कंट्रोल रूममध्ये शिफ्ट बदलायची रीत सोपी होती. जाणारा इन्चार्ज चाव्यांचा जुडगा पुढे करून म्हणायचा, "जशी होती तशी दिली." येणारा तो घेऊन म्हणायचा, "जशी दिली तशी घेतली." मग शिफ्ट संपेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. तेल वाढलं तर कुणी पाठ थोपटत नसे. घटलं की मात्र पहिला प्रश्न यायचा, कुणाच्या शिफ्टमध्ये?

आत्याबाईंचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं. आत्याबाई म्हणजे कोपऱ्यातलं नवं यंत्र. विहिरींचा दाब क्षणोक्षणी वाचून ते पडद्यावर सल्ला द्यायचं आणि खाली हिरवं बटण दाखवायचं: 'मान्य'. ते दाबलं की व्हॉल्व्ह आपोआप फिरणार. कुणी न विचारता सल्ले देतं म्हणून हे नाव. ते बसवणारी तरुण इंजिनिअर, जिला सगळे ताई म्हणत, वर्षभर ते बटण दाबायची परवानगी मागत होती. सल्ला दर मिनिटाला ताजा आणि उत्तर कायम शिळं: "पुढच्या शिफ्टला बघू." पुढची शिफ्ट आली की तिचीही पुढची शिफ्ट असायचीच.

आज यंत्र परत जाणार होतं, आणि त्याच्यासोबत ताईची नोकरीही. ते गुंडाळणारा माणूस चिकटपट्टी घेऊन दारात उभा होता. इन्चार्जनी "ने" म्हणायचाच अवकाश.

शिफ्ट संपवून निघालेल्या काकांनी जुडगा पुढे करून "दिली" म्हटलं. पण घेणारे मामा एका पायावर उड्या मारत होते. चिखलात भिजलेला बूट पायाला घट्ट आवळला होता. काकांनी चाव्या टेबलावर ठेवल्या आणि आपला डबा पिशवीत कोंबायला घेतला.

ताईने चाव्यांकडे पाहिलं. त्या कुणाच्याच हातात नव्हत्या.

"काका, सात नंबरची विहीर आत्ता कुणाची?"

"माझी नाही बाई. मी दिली. आमच्या साडूंना विचार."

"माझी?" मामा भिंत धरून ओरडले. "मी घेतली कुठे अजून? उगाच माझ्या गळ्यात मारू नका हं!"

"म्हणजे कुणाचीच नाही?"

दोघा साडूंनी आधी चाव्यांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. इतक्या वर्षांत ही शंका कुणाला आलीच नव्हती.

सात नंबरच्या विहिरीला महिनाभर उचकी लागली होती. जरा वेळ तेल, मग नुसता वायू, मग काहीच नाही. आत्याबाई एकच घोकत होत्या: व्हॉल्व्ह थोडा आवळा, तेल वाढेल. त्यावर काका नेहमी म्हणायचे, "उद्या सांगेल, जेवू नका, पोट भरेल."

"मामा, बुटाची अजिबात घाई करू नका," ताई म्हणाली, आणि तिने बटण दाबलं.

पडद्यावरची तेलाची रेघ खाली आली. आणखी खाली आली. मामा बगळ्यासारखे एका पायावर थिजले. काका कुणाला तरी समजावल्यासारखे पुटपुटले, "मी दिली होती हं. सगळ्यांनी ऐकलंय." चिकटपट्टीवाला नकळत आत सरकला.

रेघ थबकली. उचकी आली नाही. मग ती वर निघाली, एकही धक्का न देता. कालची उंची गाठली आणि तिथेही न थांबता पुढे गेली.

"चढतेय!" ताई किंचाळली. "मामा, चढतेय!"

"अगं दिसतंय! बूट पायाला अडकलाय, डोळ्याला नाही!" मामांनी आनंदाने पाय झाडला. बूट सुटला आणि थेट कपाटावर जाऊन बसला.

आता चाव्या न घ्यायला काही कारण उरलं नव्हतं. मामा एका मोज्यावर लंगडत टेबलापाशी आले. त्यांनी हात पुढे केला. तेवढ्यात आत्याबाईंनी घंटा वाजवली: नऊ नंबर, व्हॉल्व्ह थोडा उघडा.

मामांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी तो गुपचूप खिशात घातला.

"मी अजून आलोच नाहीये," ते म्हणाले.

"मी तर केव्हाच गेलोय," काका म्हणाले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि पडद्याला नाक लावून बसले. "दाब गं ताई!"

ताईने दाबलं.

"अहो, मग मी हे गुंडाळू की नको?" चिकटपट्टीवाल्याने विचारलं.

मामांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"कुणाला विचारतोयस बाबा? इथे आत्ता कुणीच नाहीये."