उन्हाचे दोन तास

“हे तूच लिहिलंस ना, पोरी?” गिसलरबाईंनी कोटाच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला आणि चष्मा न लावताच वाचला. “‘सावली दिवसाकाठी फक्त दोन तास पडेल. नियमात बसते.’”

“मीच लिहिलंय,” कोर्डुला म्हणाली.

नगररचनेच्या कचेरीत ती एकटीच होती. गावाच्या मध्यभागाचा जुना आराखडा नव्यानं करायचं काम तिच्याकडं आलं होतं. महिनाभर नवा आराखडा लोकांना बघायला नगरपालिकेच्या जिन्यात टांगलेला होता. त्यावर त्रेसष्ट पत्रं आली आणि तिनं त्रेसष्ट उत्तरं लिहिली. आता शुक्रवारी सभेत गावानं हात वर करून मत दिलं की झालं.

“मग बस इथं माझ्याशेजारी.”

बेकरीच्या भिंतीशी बाक होता. गिसलरबाईंच्या मांडीवर त्यांच्या नातीची लेक, शालीत गच्च गुंडाळलेली, फक्त नाक बाहेर. चौकाच्या पलीकडं, दक्षिणेला, नव्या घराचे उंच खांब उभे होते. घर बांधायच्या आधी ते केवढं होणार हे असं खांब रोवून दाखवायचं, ही इथली रीत. आज मात्र समोरच्या दोन खांबांमध्ये, वरपासून, बाल्झ सुतारानं आपली हिरवी ताडपत्री टांगली होती.

“खांबांना कुठं सावली असते?” गिसलरबाईंनी त्याला म्हटलं होतं. “घराची दाखव.”

आणि तो तासभर कप्पी आणि दोर घेऊन शिडीवर चढ-उतर करत राहिला होता.

कोर्डुलानं घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. बोटं गारठली होती. “अजून ऊन नाही?”

“येईल की. सूर्य काय तुझ्या कचेरीत नोकरीला आहे?”

“पण येतो कधी?”

“या दिवसांत अकराला डोंगरावर येतो. एकला जातो डोंगराआड.”

कोर्डुला सपाटीवरच्या गावात वाढलेली. तिकडं डिसेंबरातही सूर्य आठला उगवायचा आणि थेट शेतावर यायचा. तिच्या संगणकातही तो आठलाच उगवला होता. तिनं रस्त्यांची रुंदी घातली होती, छपरांचे उतार घातले होते, चौकातली झाडंसुद्धा एकेक करून घातली होती. डोंगर घातला नव्हता.

“म्हणजे दोन तास,” ती हळूच म्हणाली.

“दोनच. फार नाहीत, तू लिहिलंयस ते खरंय. पण आमच्याकडं तेवढेच आहेत.”

बाईंच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर कोर्डुलाला बरं वाटलं असतं.

मग डोंगराच्या कडेवरून ऊन आलं. चर्चचं शिखर, कारंजं, सायकली, बघता बघता सगळा चौक उजळला. बेकरीतल्या पोरी कप घेऊन दारात आल्या. फक्त बाकावर, भिंतीवर दोन पुरुष उंचीपर्यंत, ताडपत्रीची सावली चौकोनी पडून राहिली.

“त्या इमारतीत सोळा घरं होणार आहेत, गिसलरबाई. घरासाठी थांबलेल्यांची यादी आहे माझ्याकडं.”

“यादीत तिसरं नाव हिच्या आईचं. घर नको असं मी कुठं म्हटलं? हवंच आहे घर. पण घराबाहेर पडल्यावर हिला बसायला ऊनही हवं की नको?”

कोर्डुलानं गुंडाळी सोडून गुडघ्यांवर नकाशा पसरला. चौकाकडची बाजू बोटानं झाकली, मग मागची, रुळांकडची. चौथा मजला पुढून काढून तिकडं मागं नेला तर? मागं कोण बसतंय? मालगाड्या. तिनं पेन्सिल उचलली आणि महिनाभर खपून काढलेल्या रेषेवर आडवी फुली मारली.

गिसलरबाई तिच्या हाताकडं बघत होत्या. “सरळ मारलीस,” त्या म्हणाल्या. “आमचे हे असते तर आधी आठवडाभर भांडले असते.”

“बाल्झ!” कोर्डुला उठून ओरडली. “खाली घे.”

“किती?”

“मी थांब म्हणेपर्यंत.”

“आणि नकाशे छापून झालेत ते?”

“पुन्हा छापायचे.”

बाल्झनं टोपी मागं सारली, तिच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि दोर सैल सोडला. सावली भिंतीवरून उतरू लागली. बेकरीच्या पाटीवर ऊन आलं, मग खिडकीवर. मग गिसलरबाईंच्या लोकरी टोपीवर, नाकावर, हनुवटीवर. बाईंनी पापणी हलवली नाही. सावली शालीशी आली, आणि शालीच्या घडीतून डोकावणाऱ्या चिमुकल्या नाकाखाली सरकली.

पोरगी सटकन शिंकली.

“थांब!” दोघी एकदमच ओरडल्या.

“शंभर वर्षं जग गं बाई!” पलीकडून बाल्झ ओरडला. त्यानं दोर बांधला, घडीची मोजपट्टी उलगडली. “बरोब्बर एक मजला!”

कोर्डुलानं पिशवीतून हरकती-सूचनांची वही काढली. त्रेसष्टाखाली रेघ मारून मोकळी झाली होती ती. रेघेखाली तिनं चौसष्ट लिहिलं.

“नाव काय हिचं?”

“आफ्रा. येत्या रविवारी सहा महिन्यांची होईल.”

तिनं नाव लिहिलं, वय लिहिलं. सूचनेच्या रकान्याशी पेन्सिल अडली. तो तिनं कोराच ठेवला, आणि शेजारी, उत्तराच्या रकान्यात लिहिलं: मान्य.