बुक्क्याच्या कानाखाली

हिमानी डॉक्टरनं मनोहररावांच्या कुत्र्याच्या, बुक्क्याच्या, पाठीवरून उलटा हात फिरवला आणि पिंजलेल्या कापसासारखे मूठभर काळे केस तिच्या हातात आले. मनोहररावांनी डोळेच मिटून घेतले.

"काका, डोळे उघडा. इकडे पाहा." तिनं केस सारून खालची कातडी दाखवली. "लाली नाही, खपली नाही, वास नाही. पाठ, पोट, मांड्या, सगळीकडून सारखेच निघून राहिले. होळी झाली की हे थंडीची गोधडी उतरवतात. नागपूरच्या उन्हात तुम्ही तरी स्वेटर घालता काय?"

"मी तेच म्हणत होती," त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई म्हणाल्या. "वरणात केस, देवाच्या वस्त्रावर केस. आमच्या घरात केस सोडून काही सापडतच नाही आता."

"अन् तो?" मनोहररावांनी विचारलं.

तो म्हणजे चट्टा. बुक्क्याच्या डाव्या कानाखाली, मानेवर, रुपयाएवढा, गोल. बाकी अंगावर केस गळूनही केस होते. तिथं मात्र उघडी कातडी दिसत होती. लेक दामिनी परवा रामनवमीला तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी यायची होती. फोनवर ती म्हणाली होती, "बाबा, केसांचं काही नाही, झाडून घेऊ. पण खरूज असली तर..." आणि पुढचं बोललीच नव्हती. पुढचं मनोहररावांनी स्वतःच ठरवलं होतं. मेहुण्याचं रामटेकला शेत होतं; खरूज निघाली तर बुक्क्याला तिथं ठेवायचं. चारुशीलाबाईंच्या पिशवीत बुक्क्याची थाळी आणि त्याची जुनी चादर होती, म्हणजे वेळ आलीच तर इथूनच परस्पर निघता यावं.

डॉक्टरनं चट्ट्यावर निळा दिवा धरला. मग पात्यानं कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली. "हा वेगळा आहे खरा. असा एकाच जागी चट्टा पडला तर तपासावंच लागते. बसा बाहेर, पाहून सांगते."

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. बुक्का नेहमीसारखा मनोहररावांच्या उजव्या अंगाला, पायाला टेकून बसला. पलीकडच्या राममंदिरात रामनवरात्राचं कीर्तन सुरू झालं होतं. भोंग्यातून बुवांचा आवाज येत होता. नमन संपून पूर्वरंग लागला होता. आज पहिल्यांदाच मनोहररावांची मंडपातली जागा रिकामी होती.

"रामटेकले बरा राहील तो," चारुशीलाबाई म्हणाल्या. "मोकळं शेत आहे."

"हो."

"सावली आहे. विहीर आहे."

"हो."

"कीर्तन तेवढं नाही तिथं."

"काहून नाही वं? गडावर रामच बसला आहे की."

"तो गडावर. हा राहील शेतात."

भोंग्यात झांजा वाजू लागल्या. बुवांनी चाल उचलली, मागच्या मंडळींनी ती झेलली. चारुशीलाबाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि आतल्या थाळीची कड चाचपत राहिल्या.

डॉक्टर दारात आली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. मग हळूच म्हणाली, "काका, हलू नका."

"काय झालं? खरूज?"

"खरूज नाही. बुरशीही दिसली नाही. केस मुळातून गळलेलेच नाहीत, घासून तुटले आहेत. काय घासते ते कळत नव्हतं. आता हात जसा आहे तसाच ठेवा."

मनोहररावांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा हात बुक्क्याच्या मानेवर होता. हात ठेका धरत होता. बुवांच्या झांजेबरोबर बोटं उठत होती, पडत होती, आणि समेवर जरा जोरानं पडत होती. डॉक्टरनं ती बोटं अलगद उचलली. अंगठीच्या बोटाखाली चट्टा होता, बरोब्बर.

"मोबाइलवर कीर्तन ऐकता रोज?"

"नवरात्र सोडलं तर रोज संध्याकाळी," उत्तर चारुशीलाबाईंनी दिलं. त्यांना हसू आवरेना; पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत होते. "अहो, म्हणजे तुम्ही रोज या बिचाऱ्याच्या कानाखाली वाजवून राहिले! अन् तेही माझ्या बाबानं दिलेल्या अंगठीनं!"

मनोहरराव वाकले. बुक्क्याचं तोंड त्यांनी दोन्ही हातांत धरलं. "काहून गा? मले सांगतलं काहून नाही तू?"

बुक्क्यानं त्यांचं नाक चाटलं.

"औषध काही नाही," डॉक्टर म्हणाली. "अंगठी काढा, नाहीतर ठेका मांडीवर धरा. पावसाळ्याच्या आत केस भरून येतील. अन् फणी रोज फिरवा, बाळ यायच्या आत घर झाडून घ्या."

मनोहररावांनी अंगठी ओढून पाहिली. ती पेराच्या पुढं सरकेना. शेवटी त्यांनी उजवा हात गुडघ्यांच्या मधे घट्ट दाबून ठेवला, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. चारुशीलाबाई डोळे पुसत दामिनीला फोन लावू लागल्या.

भोंग्यात नामघोष सुरू झाला. झांजा तापल्या, टाळ्या आल्या. मनोहररावांचा हात गुडघ्यांत तडफडत होता, पण त्यांनी तो सोडला नाही.

बुक्क्यानं त्या हाताकडे पाहिलं. थोडी वाट पाहिली. मग तो उठला, बाकाला वळसा घालून मनोहररावांच्या डाव्या अंगाला आला, टेकून बसला, आणि उजव्या कानाखालची दाट केसांची मान त्यांच्या मोकळ्या हाताखाली सरकवून समेची वाट पाहू लागला.