हिल्माच्या घरात रेंज नाही

"बंद कर. तीस आकडे मोज. मग चालू कर," रेनो म्हणाला.

हिल्माने फोन बंद केला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी पुटपुटत तीस आकडे मोजले. फोन चालू झाला. वरच्या कोपऱ्यात रेंजची एकही दांडी उमटली नाही.

"महागातला दगड घेतला मी," ती म्हणाली.

"दगड निदान भिरकावता येतो. आण इकडे."

रेनो टोरमाला अडुसष्ट वर्षांचा होता. मिशिगनच्या उत्तर टोकाला टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. हिल्मा ओयाला ही त्याची शेजारीण. तो वर उतारावर राहायचा, ती खाली खोलगटात. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि तीन तासांवरच्या हॉस्पिटलच्या यादीत तिचं नाव होतं. किडनी मिळाली की फोन येणार. तासाभरात उत्तर मिळालं नाही, तर किडनी यादीतल्या पुढच्या माणसाला. नियम साधा होता.

या सोमवारी कंपनीने खोऱ्यातल्या टेलिफोनच्या तारा कायमच्या बंद केल्या. मंगळवारी हिल्माने हा फोन घेतला. आज गुरुवार.

"दोन दिवस झाले, रेनो. त्यांनी फोन केलाही असेल."

"केला असता तर माझा वाजला असता. दुसरा नंबर माझाच दिलायस ना?"

"दिलाय. पण तू आत्ता इथे बसलायस. बघ तुझा."

रेनोने खिशातून स्वतःचा फोन काढला. तोही मुका होता. त्याने तो परत खिशात टाकला.

"म्हणजे तू इथे आहेस तोवर दोन्ही नंबर मेले," हिल्मा म्हणाली. "दीड तास झाला."

"मग मला बोलण्यात गुंतवू नकोस."

त्याने फ्लाइट मोड चालू करून बंद केला. पिनेने सिमकार्ड बाहेर काढलं, शर्टाच्या बाहीला पुसलं, परत बसवलं. मागचं कव्हर उतरवलं. त्यात गाडीत फोन अडकवायची, रेंज अडवणारी लोखंडी चकती होती. नेटवर्कची सगळी सेटिंग्ज पुसून नव्याने केली. फोन घेऊन तो एकेका खिडकीपाशी उभा राहिला. न्हाणीघराच्या खिडकीत एक दांडी आली आणि श्वास घ्यायच्या आत गेली.

"कमोडवर मुक्काम ठोकू का आता?" हिल्माने विचारलं.

"फोन धडधाकट आहे. टॉवर टेकडीच्या पलीकडे आहे, एवढंच."

तिने कॉफी ओतली. त्याला अर्धा कप, स्वतःला अर्धा. तिला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागे आणि तिच्यासोबत रेनोही अर्ध्या कपावरच थांबे. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो पहाटे गाडी काढून तिला जवळच्या गावी डायलिसिसला न्यायचा, दुपारी दोघं परत यायची. चार वर्षांत एक खेप चुकली नव्हती. असा शेजारी मिळायला नशीब लागतं, असं चर्चमधल्या बायका म्हणायच्या.

"गेल्या आठवड्यात ती हॉस्पिटलची डिनीस काय म्हणाली तुला?" रेनोने मान वर न करता विचारलं.

"आपल्या रक्तगटात माझंच नाव सगळ्यात वर आहे, म्हणाली. आता कधीही."

"हं."

त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "तुझ्या भाचीने छपरावर इंटरनेटची तबकडी बसवलीय ना? वाय-फायवरून फोन येऊ शकतो. एक सेटिंग चालू करायचं राहिलंय."

"मग कर की! दीड तास काय पूजा करत होतास?"

त्याने सेटिंग उघडलं. घराचा पत्ता भरला. पडद्यावर ओळ आली: मेसेजने आलेला कोड टाका.

"मेसेज यायला रेंज लागते," रेनो म्हणाला.

हिल्माने कप टेबलावर आपटला. "ज्याने हे बनवलं ना, त्याला या खोऱ्यात आणून सोडा."

"टेकडीवर जाऊन येतो. वीस मिनिटं."

"मी येते."

"रस्ता निसरडा आहे. कालच्या डायलिसिसने तुझे पाय लटपटतायत."

"तुझे जसे काही पोलादाचे!"

तरी ती थांबली. दारातून ओरडली, "वाजला तर उचल रे! बडबड नको करूस, सरळ हो म्हण!"

बर्फ सारणारी गाडी टेकडीवर जिथून वळायची, ती मोकळी जागा म्हणजे गावाचं टेलिफोन बूथ. नोकऱ्या, घटस्फोट, मयती, सगळं तिथूनच कळवलं जायचं. आज तिथे कुणी नव्हतं. रेनोने गाडी उभी केली.

हिल्माच्या फोनवर तीन दांड्या आल्या. मेसेज आला. त्याने कोड टाकला. सेटिंग चालू झालं. आता हा फोन तिच्या स्वयंपाकघरातही वाजला असता.

मग एकामागून एक सूचना येऊ लागल्या. पाच चुकलेले कॉल. सगळे एकाच नंबरचे, सगळे गेल्या पाऊण तासातले.

तेवढ्यात फोन वाजला. तोच नंबर.

रेनोने फोन हातात धरून ठेवला. खाली हिल्माच्या धुराड्यातून धूर सरळ वर येत होता. घर तीन मिनिटांवर होतं. फोन वाजून वाजून थांबला.

मग त्याच्या खिशातला वाजला.

"मिस्टर टोरमाला? मी डिनीस. हिल्मा ओयाला फोन उचलत नाहीयेत. त्या तुमच्याजवळ आहेत का?"

"नाही," रेनो म्हणाला. "सकाळपासून दिसली नाही. बहिणीकडे गेली असेल."

"त्यांना शोधून निरोप देता येईल? माझ्याकडे दहाच मिनिटं उरलीत."

"दहा मिनिटांत नाही जमणार."

"नक्की?"

"नक्की."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मग माझा नाइलाज आहे," डिनीस म्हणाली. "यादीत पुढचं नाव तुमचंच आहे, मिस्टर टोरमाला. किती वेळात पोचाल?"