तोंडावरचा उजेड

आपल्या काळ्या पूर्वजांनी नाटक कंपनी कशी उभी केली, याचं नाटक अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात मिस व्हर्नेटाच्या शाळेची मुलं करणार होती. तालमीला थिएटरचा मॅनेजर कॉईल हसला, "बाई, पोरांचे चेहरेच दिसत नाहीत हो! आणि दिवे काही हलायचे नाहीत. तोंडाला पावडर थापा."

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता व्हर्नेटा शिडीवर चढली. एकेका मुलाला खाली उभं करून तिने सगळे दिवे त्यांच्या रंगाला साजेसे लावले. प्रयोगात एकूण एक चेहरा शेवटच्या रांगेपर्यंत झळकला.

आभार मानायला कॉईल मंचावर आला. त्या उजेडात त्याचं गोरं तोंड पार पुसून गेलं. "बाई, दिवे जरा..."



"हलायचे नाहीत, मिस्टर कॉईल. पावडर थापा. माझी तपकिरी देऊ?"